मुदतीचं मागचं दार

सुखदा पाटणकर मला पहिल्या दिवसापासून खुपली. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की नीरजानं साळसूदपणे गोष्ट सांगितली. दिसायला चांगली होती म्हणून खुपली असंही नाही, दिसायला ठीकच होती. राघव घरी येऊन तिच्या दिसण्याबद्दल काही बोलला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. तो बोलायचा तिच्या कोडबद्दल.

राघव माझा नवरा. दोघंही प्रोग्रॅमर, पुण्यात एकाच कंपनीत भेटलो, आणि लग्नाच्याही आधीपासून आमची एक रीत होती. त्यानं काही लिहिलं की पहिल्यांदा मी वाचायचं, जगानं नंतर. बाकीची जोडपी सारसबागेत जायची. आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून त्याचा कोड वाचायचो आणि मी त्याला मनसोक्त झापायचे. त्याच्या खोडी मला पाठ होत्या. घाईत काही कोंबायचं आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत ‘तात्पुरतं’ असं लिहून ठेवायचं, ही त्यातली सगळ्यात जुनी. ते तात्पुरतं मग वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम ठोकायचं. मी ओरडायचे, तो हसायचा. असं चाललं होतं आमचं, छान चाललं होतं.

मग आम्ही नोएडाला आलो. दोन हजार चार-पाचची गोष्ट. गुडगावात रोज उठून नवी काचेची इमारत दिसत होती, आणि जो तो घर नाहीतर नोकरी बदलत होता. आमच्या कंपनीला लंडनच्या एका विमा कंपनीचं काम मिळालं, आणि त्या शहाण्यांना सगळं हॅस्केल नावाच्या भाषेत हवं होतं. ही फंक्शनल भाषा. हिच्यात एकदा बनलेली गोष्ट जागच्या जागी बदलत नाही. बदल हवा असेल तर बदललेली नवी प्रत काढायची. आम्ही जन्मभर जावा लिहिणारे, आम्हाला ती भाषा म्हणजे डोकेदुखी होती. म्हणून आमचे मॅनेजर भल्लासाहेब यांनी सुखदाला आणलं. ती ही भाषा स्कॉटलंडहून शिकून आली होती.

सुखदा दिल्लीतच जन्मलेली. आजोबा सरकारी नोकरीत करोल बागेला आले आणि इथलेच झाले. तिचं मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. “यार नीरजाताई, मी तर बिल्कुल समजली नाही,” असं. आणि ताई! माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी लहान असेल बया. बरं, मला ताई आणि अहो-जाहो, आणि माझ्या नवऱ्याला? “ए राघव, इकडे ये ना, एक गोष्ट दाखवते.” आणि हा उठून जायचा. खुर्ची सरकल्याचा आवाज मला चार टेबलं सोडून ऐकू यायचा.

आता तिनं असं काय मोठं केलं होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. विम्याच्या कामात जिथं तिथं मुदत असते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मुदतीचा नियम एकच: सुरुवात शेवटाच्या आधी हवी. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हा नियम जागोजागी तपासावा लागायचा, आणि कुणीतरी एका ठिकाणी विसरायचंच. मग एखाद्या गोऱ्या आजोबांचा विमा सुरू व्हायच्या आधीच संपायचा, आणि लंडनहून फोन यायचा.

सुखदानं फळ्यावर एक चौकोन काढला. म्हणाली, मुदत हा आपला वेगळा टाइप, म्हणजे माहितीचा वेगळा प्रकार, करू या, आणि तो बनवायची सोय या चौकोनाच्या आतच ठेवू या. बाहेरच्या कुणालाच मुदत थेट बनवता येणार नाही. बाहेर फक्त एक फंक्शन द्यायचं. त्याला दोन तारखा द्या. ते तपासेल, ठीक असतील तर मुदत देईल, नाहीतर नाही म्हणेल. म्हणजे कुणाच्याही हातात मुदत असेल तर ती बरोबरच असणार. पुन्हा तपासायला नको.

“चुकीची मुदत बनूच शकत नाही,” ती म्हणाली आणि खडूचे हात झटकले.

भल्लासाहेब टाळ्या वाजवतात की काय असं मला वाटलं. पण माझं लक्ष राघवकडे होतं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. तसा तो पूर्वी माझ्याकडे बघायचा, मी त्याची एखादी वीस ओळींची भानगड तीन ओळींत बसवली की. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवशी घरी मी थालीपीठ लावलं होतं. लोण्याचा गोळा वर. आणि हा माणूस पहिला घास तोंडात असतानाच म्हणतो, “सुखदाचा तो टाइप बघितलास? कसला स्वच्छ आहे!”

“थालीपीठ कसं झालंय?” मी विचारलं.

“अं? छान. नाही, पण म्हणजे बघ ना, चूक करायची जागाच ठेवली नाही तिनं.”

“मग जा, तिच्याकडून थालीपीठ मागव.”

त्याला ते विनोदी वाटलं. हसला! मी ताट उचलून आत नेलं. आणि हल्ली तो नवा कोड आधी तिला दाखवतो हे मला माहीत होतं. मला दाखवायचा नंतर, सुधारून, तिनं धुऊन-पुसून दिलेला. त्यात मला झापायला काही उरलेलंच नसायचं.

अशात भल्लासाहेबांनी जाहीर केलं की कंपनी गुडगावला नवं ऑफिस उघडतेय. लंडनचे लोक तिथं बसणार. राघव जाणार हे नक्की होतं, कारण फोनवर त्यांच्याशी तोच बोलायचा. त्याच्याबरोबर आणखी एकाची जागा होती. मी किंवा सुखदा. महिनाअखेरच्या रिव्ह्यूनंतर ठरवू, म्हणाले. राहायचं मात्र सगळ्यांनी नोएडातच. कंपनीची टवेरा गाडी सकाळी नेणार आणि संध्याकाळी आणणार. हायवेचं काम सुरू होतं तेव्हा, रस्ता म्हणजे नुसती खोदाखोद. जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीत. त्या मागच्या सीटवर माझ्या नवऱ्याशेजारी अर्धा दिवस कोण बसणार, एवढाच काय तो प्रश्न होता. मला बढतीची पडली नव्हती, लंडनवाल्यांचीही नव्हती. मला ती सीट हवी होती. झालं. यात लपवायचं काय?

मग मी कामाला लागले. हॅस्केलची दोन पुस्तकं आणून घोकली. सुखदाच्या मुदतीला धडका मारायला सुरुवात केली. दारातून, म्हणजे त्या तपासणाऱ्या फंक्शनमधून, जायचा प्रयत्न केला, जमेना. उलट्या तारखा दिल्या, त्यानं हाकलून दिलं. खोट्या तारखा दिल्या, तरी हाकलून दिलं. बाई खरंच हुशार होती, आणि तेच तर पोटात दुखत होतं. नुसती मिरवणारी असती तर मी सुखानं झोपले असते.

आणि एका दुपारी सापडलं. मी एक व्यवस्थित मुदत घेतली, अगदी दारातून रीतसर आलेली, आणि म्हटलं, हिची नवी प्रत दे, बाकी सगळं तेच, फक्त शेवटची तारीख मागची टाक. मला वाटलं, कोड तपासणारा कंपायलर आता ओरडणार, कारण तारीख ठेवलेल्या त्या फील्डचं, म्हणजे कप्प्याचं, नाव बाहेर दिलेलंच नसणार. पण कंपायलर गप्प. प्रोग्रॅम चालला. माझ्या हातात एक मुदत होती, जी सुरू व्हायच्या आधी संपत होती.

म्हणजे फील्डचं नाव बाहेर उघडं राहिलं होतं. या भाषेत ते नाव बाहेर दिलं की माणसाला वाटतं, वाचायचीच सोय केली. पण त्याच नावानं बदललेली प्रतही काढता येते, आणि प्रत काढताना दारावरचं फंक्शन कुणाला काही विचारत नाही. आमच्या सोसायटीत पुढच्या गेटवर गार्ड नाव-गाव विचारून जीव खातो आणि मागच्या फाटकातून भाजीवाला थेट जिन्यात येतो, तशातली गत.

मला इतका आनंद झाला, इतका, की मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर हसून आले. सुखदाची फाइल उघडून ते नाव बाहेर कसं गेलं हे बघायचीही तसदी मी घेतली नाही. कशाला बघू? तिचा चौकोन, तिचं दार, तिचंच नाक कापलं जाणार होतं. मी राघवलासुद्धा सांगितलं नाही. त्यानं लगेच तिला सावध केलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

रिव्ह्यूच्या दिवशी मी मोरपंखी साडी नेसून गेले. राघव म्हणाला, “आज काय विशेष?” मी म्हटलं, “कळेल.”

काचेच्या खोलीत भल्लासाहेब, सुखदा, राघव, मी आणि भिंतीवर प्रोजेक्टर. सुखदानं सगळं दाखवलं, छान दाखवलं. भल्लासाहेब म्हणाले, “कोई सवाल?” मी उठले. माझा छोटासा प्रोग्रॅम लावला, चालवला, आणि भिंतीवर ती उलटी मुदत उमटली. संपायची तारीख आधी, सुरुवात नंतर.

सुखदाचा चेहरा असा उतरला की वा! इतक्या महिन्यांची भरपाई झाली माझी. मी राघवकडे बघितलं, म्हटलं आता बघ माझ्याकडे तोंड उघडं टाकून. तो टेबलाकडे बघत होता आणि कानाची पाळी ओढत होता.

“ये हुआ कैसे?” भल्लासाहेब म्हणाले. “फाइल खोलो ज़रा.”

सुखदानं फाइल उघडली. सुरुवातीलाच, चौकोनातून काय काय बाहेर द्यायचं त्याची नावं होती. टाइपचं नाव, दारावरच्या फंक्शनचं नाव, वाचायच्या फंक्शनांची नावं. आणि सगळ्यात खाली, एकटी, शेवटच्या तारखेच्या त्या फील्डची ओळ. तिच्यापुढे इंग्रजी अक्षरांत: तात्पुरतं.

ओळ राघवची होती.

त्याला रिपोर्टसाठी शेवटची तारीख वाचायची असणार. सुखदाला मागितली असती तर तिनं वाचायचं फंक्शन करून दिलं असतं. पण घाईत कोण मागतो? टाकली ओळ, लिहिलं तात्पुरतं, आणि विसरला. पुण्यापासूनची खोड. आणि हा कोड मला आधी दाखवला असता ना, तर मी तिथल्या तिथं कान धरला असता.

“ये ‘तत्पुर्ता’ क्या है?” भल्लासाहेबांनी विचारलं. त्यांना ते एखाद्या लायब्ररीचं नाव वाटलं असावं.

खोलीत मराठी आम्ही तिघंच. मी राघवकडे बघितलं. बोल, माणसा. एक वाक्य बोल. तो पाळी ओढत राहिला.

आणि सुखदा म्हणाली, “सर, मेरी गलती है।”

अरे! माझ्या नवऱ्याची चूक ती आपल्या पदरात घेत होती. सगळ्यांसमोर, शांतपणे, डोळ्यात पाणी असताना. इतकं पुढे गेलं होतं तर! त्याचा कोड वाचून झाला, त्याला बोलावून उठवून झालं, आता त्याच्या चुकाही हिच्याच? त्याच्या चुका पोटात घालायचा हक्क माझा होता. लग्नाआधीपासून माझा. त्याचा कोड बघायचा तर बघ म्हणावं, पण हा हक्क कुणाला द्यायचा नव्हता मला.

“नहीं सर,” मी म्हटलं, “वो लाइन मेरी है।”

भल्लासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या माझ्याच प्रोग्रॅमकडे. “आपने डाली? और आपने ही पकड़ी?”

“डाली और भूल गई,” मी म्हटलं. “परसों ध्यान में आया।”

त्यांनी नोंद बघितली. बदल ‘घारपुरे’ या आमच्या आडनावाच्या खात्यावरून झाला होता. मी इथं राघवनंतर रुजू झाले तेव्हा सिस्टिमवाल्यानं माझं वेगळं खातं काढायचा कंटाळा केला होता, आणि आम्ही नवरा-बायको एकच वापरायचो. माझं बोलणं खोटं ठरायला काही वावच नव्हता. राघव एकदा माझ्याकडे बघून पुन्हा टेबलाकडे बघायला लागला. मला वाटलं, घाबरलाय बिचारा, बोलेल नंतर.

चहाच्या वेळेपर्यंत निकाल लागला. दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सुखदाच्या त्या चौकोनात, न विचारता हात घालणारी आणि वर भर मीटिंगमध्ये तमाशा करणारी बाई भल्लासाहेबांना लंडनवाल्यांसमोर नको होती. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. गुडगावला राघव आणि सुखदा. टवेरा सोमवारपासून, पण जागा बघायला म्हणून दोघांना आजच पाठवत होते.

मी पॅन्ट्रीत चहाच्या मशिनपाशी उभी होते. सुखदा आली. मी म्हटलं, आता ही राघवच्या वतीनं माझे आभार मानणार. तिनं माझा हात धरला.

“नीरजाताई, थँक्यू यार. मी तर रडायच्या बेतात होती.”

“तू कशाला घेतलंस अंगावर?” मी विचारलं. आवाज चढलाच माझा. “तुला माहीत होतं ना कुणाची ओळ आहे?”

“नाही!” ती खरंच चकित झाली. “म्हणजे मराठी आहे इतकं समजलं. तुम्ही नाहीतर राघव. पण त्यानं काय फरक पडतो? मॉड्यूल माझं आहे. काय बाहेर जातं ते बघणं माझं काम. मी बघितलं नाही, तर गलती माझी.”

अच्छा. म्हणजे राघवसाठी नव्हतंच ते. तिच्या त्या मुदतीसाठी होतं. मी मात्र मोरपंखी साडी नेसून, उभी राहून, माझी सीट तिला बहाल करून आले होते. कपाळावर हात मारावासा वाटला. हसूही आलं, खरं सांगते.

ती माझ्याकडे बघत होती. मूर्ख नव्हती ती, मघाशी सांगितलंच. “ताई, ती ओळ खरंच तुमची आहे?” तिनं हळूच विचारलं. “नसेल तर सांगा. मी आत्ता भल्लासरांकडे जाते. सीट तुमची होती, मला माहीत आहे. मी तर गुडगाव मागितलंच नव्हतं.”

एक शब्द पुरला असता. राघवची आहे, एवढाच. सीट माझी, टवेरा माझी, सगळं जिथल्या तिथं. पण मग तिला कळलं असतं की तो गप्प बसला होता. तिनं त्याला माफही केलं असतं, तिच्या त्या मोठ्या मनानं, “होतं रे राघव, चलो, जाऊ दे” असं म्हणून. ते चित्र मला सोसेना. चूकही माझ्याकडेच राहू दे आणि तो गप्प बसला तेही माझ्याकडेच राहू दे. घरी नेऊन मी बघेन त्याच्याकडे. तो माझा आहे.

“माझीच,” मी म्हटलं.

तेवढ्यात राघव आला. खांद्यावर बॅग, केस नीट केलेले. सुखदाला म्हणाला, “गाडी आलीय खाली.” मग माझ्याकडे वळला, आणि मला वाटलं, आता. आता बोलेल.

“नीरजाचं असंच असतं,” तो सुखदाला म्हणाला, हसत. “घाईत काहीतरी टाकते आणि विसरते. मी नेहमी सांगत असतो तिला, थेट फील्ड उघडत जाऊ नकोस म्हणून.”

सुखदानं मान हलवली. मी त्याच्याकडे बघत राहिले. केस चांगले बसले होते त्याचे. आणि इतके महिने छातीत जे पेटलेलं होतं, थालीपीठ गोड लागू देत नव्हतं, खुर्ची सरकली की कानात वाजायचं, ते गेलं. एकदम गेलं. मी शोधलं तरी सापडेना. ती त्याच्या शेजारी बसणार होती, गुडगावपर्यंत, रोज, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

“निघा तुम्ही,” मी सुखदाला म्हटलं, “हायवेला जाम लागेल.” आणि माझा चहा घेऊन जागेवर गेले.